रबरी बोट ठेवायची कुठे?

अहिल्यानगर जिल्हा आणि बोट हे दोन शब्द एका वाक्यात आले की ऐकणारा आधी हसतो. क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा, १७ हजार चौरस किलोमीटरांचा हा जिल्हा. पण त्याची ओळख टँकरची, चारा छावण्यांची आणि हिवरेबाजार-राळेगणसिद्धीच्या पाणलोट कामांची. तरी ऑगस्ट २०१९ मध्ये नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून अडीच लाख क्यूसेकहून जास्त पाणी गोदावरीत आलं आणि कोपरगाव, पुणतांब्याचा काठ पाण्याखाली गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये तर एरवी दुष्काळाच्या यादीत असणाऱ्या पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेड या तालुक्यांत ओढे गावात शिरले, सीनेनं पात्र सोडलं आणि माणसं पाण्यातून काढायची वेळ आली. अशा प्रत्येक पुरानंतर बोटींची मागणी होते, खरेदी होते, तिचे फोटो येतात. आपल्याकडची बोटींची चर्चा खरेदीपाशी सुरू होते आणि खरेदीपाशीच थांबते.

बोट पाण्यात नसते तेव्हा ती कुठे असते, कशावर असते, हवा भरलेली असते की घडी केलेली, हे कुणी विचारत नाही. बचावाची रबरी बोट वर्षातले काही दिवस पाण्यात जाते. उरलेलं वर्ष ती जमिनीवर काढते. तिचं आयुष्य आणि तिचा उपयोग, दोन्ही या जमिनीवरच्या दिवसांत ठरतात. पुराच्या पहिल्या तासात ती उपयोगी पडेल की नाही, हे इंजिनाच्या ताकदीपेक्षा ती आदल्या रात्री कशावर बसवून ठेवली होती त्यावर जास्त अवलंबून असतं, असं माझं मत आहे. या लेखात त्या एकाच प्रश्नाभोवती फिरायचं आहे.

या प्रश्नावर जगात सर्वांत जास्त डोकं चालवलं ते यॉटवाल्यांनी. मोठी खासगी बोट धक्क्यापासून दूर नांगरलेली असते आणि तिच्यापर्यंत ये-जा करायला एक छोटी, हवेची बोट लागते. मुंबईत गेटवेसमोर नांगरलेल्या यॉटींकडे जाणारी माणसं हेच करतात. ही छोटी बोट प्रवासात बरोबर न्यायची तर ठेवायची कुठे? बहुतेक यॉटींच्या मागच्या टोकाला पाण्यालगत एक सपाट ओटा असतो. त्यावरून पोहायला उतरायचं, शिडीनं वर यायचं, हे त्याचं मूळ काम. छोट्या बोटीचं बिऱ्हाड हळूहळू तिथंच थाटलं गेलं.

बसवण्याच्या तऱ्हा अनेक. सर्वांत स्वस्त तऱ्हेत रबरी बोटीच्या एका कडेच्या नळीवर दोन पकडी चिकटवतात, त्या ओट्यावरच्या कड्यांत अडकवतात आणि बोट एका कुशीवर उभी करून टेकूनं धरून ठेवतात. सोपं, हलकं, एका माणसाला जमणारं. पण मागून लाट आली की उभ्या बोटीचा पोकळ भाग तीच लाट झेलतो. शिवाय पकडीचा गोंद चुकीचा निवडला तर भर समुद्रात ती सुटते, कारण नळ्यांची कापडं दोन प्रकारची असतात आणि पीव्हीसीला लागणारा गोंद वेगळा, हायपॅलॉनला लागणारा वेगळा. दुसऱ्या तऱ्हेत ओट्यावर नळ्यांच्या गोलाईचे खाचे असलेले पाट बसवून बोट त्यांत आडवी ठेवतात आणि छोट्या क्रेननं उचलतात. तिसरी तऱ्हा श्रीमंतांची: ओटाच हायड्रॉलिक असतो. बटण दाबलं की तो बोटीसकट पाण्याखाली उतरतो, बोट आपोआप तरंगते, माणसाला उचलायचं काहीच उरत नाही. या प्रत्येक तऱ्हेचे धोके माहितगारांनी नोंदवून ठेवले आहेत. ओट्याची वजन पेलण्याची मर्यादा असते आणि टोकाला टांगलेलं वजन तरफेसारखं काम करतं. मागचा भाग जड झाला की यॉटचं तोंड उचललं जातं. बोटीखाली शिडी आणि मागचा दिवा झाकला जातो. इंजिनाचा धूर ओट्याखालून सुटत असेल तर रबरावर काजळी आणि उष्णता बसते. आणि तळाचं बूच काढायचं राहिलं तर एका पावसात बोटीत इतकं पाणी साचतं की सगळं गणित बिघडतं.

नगरकरानं हे का वाचावं? यॉट आपल्याकडे नाही आणि भंडारदऱ्याला यायचीही नाही. पण या लोकांनी एक गोष्ट पक्की ओळखली आहे: हवेची बोट ही वस्तू एकटी कधीच पुरी नसते. तिला बसायला जागा लागते, ती जागा पाण्याच्या कडेपर्यंत जाणारी असावी लागते, आणि तिथून बोट कमीत कमी उचलाउचलीत पाण्यात गेली पाहिजे. आपल्या सरकारी खरेदीत बोट असते, इंजिन असतं, वल्ही आणि लाइफ जॅकेट असतात. बसायची जागा हा शब्द सहसा नसतो.

रबरी बोट हे प्रकरण आपल्याकडे वाटतं तितकं नवं नाही. हवेत तरंगणारे फुगे आणि हवाई जहाजं (एअरशिप) बांधणाऱ्या फ्रान्सच्या झोडिअ‍ॅक कंपनीनं १९३० च्या दशकात हवेच्या बोटी बनवायला घेतल्या. १९५२ मध्ये आलँ बोंबार या फ्रेंच डॉक्टरनं तसल्याच बोटीतून एकट्यानं अटलांटिक ओलांडून दाखवला, तेव्हा जगाचा तिच्यावर विश्वास बसला. ब्रिटनच्या आरएनएलआय या जीवरक्षक संस्थेनं १९६३ पासून किनाऱ्याजवळच्या बचावासाठी हवेच्या बोटी घेतल्या. त्यांच्या डी वर्गाच्या बोटीची राहणी आपल्या प्रश्नाला थेट लागू पडते. ही बोट घडी करून ठेवत नाहीत. ती छपराखाली, हवा भरलेली, इंजिन लावलेलं, आपल्या चाकांच्या ट्रॉलीवर उभी असते. बोलावणं आलं की दार उघडायचं, ट्रॉली ढकलत किंवा ट्रॅक्टरनं ओढत पाण्यात न्यायची, बोट सोडून द्यायची.

आता आपल्याकडची व्यवस्था. केंद्राचा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, २००६ मध्ये एनडीआरएफ उभं राहिलं, त्याची पाचवी तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. राज्याच्या एसडीआरएफच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. धुळ्याहून आपल्या जिल्ह्यातल्या अकोल्याला यायचं तर दोनशे किलोमीटरांहून जास्त रस्ता. या तुकड्यांचे जवान तरबेज असतात, त्यांच्या बोटी आणि साहित्य गाडीत लावलेलं असतं. पण रस्ता तो रस्ताच. पहिले काही तास तालुक्याचे स्वतःचे असतात. त्या तासांत कामाला येतात भोई समाजातले पोहणारे तरुण, मासेमारांचे थर्माकोलचे चप्पू, ट्रकच्या ट्यूबा, कुठे गुऱ्हाळाची काहील, आणि असलीच तर तहसीलच्या किंवा पालिकेच्या गोदामातली रबरी बोट.

गोदामातल्या या बोटीचं काय होतं ते तपशिलात बघू, कारण खरं दुखणं इथंच आहे.

हवेच्या बोटीच्या नळ्या बहुधा दोन प्रकारच्या कापडाच्या असतात. एक पीव्हीसीची, स्वस्त. दुसरी हायपॅलॉन नावानं ओळखल्या जाणाऱ्या कृत्रिम रबराची, महाग आणि टिकाऊ. हायपॅलॉन बनवणाऱ्या ड्यूपाँनं २०१० च्या सुमारास ते उत्पादन थांबवलं, पण त्याच रसायनाचं कापड इतरांकडून येतं आणि नाव जुनंच चालतं. पीव्हीसीला मऊपणा देणारं द्रव्य उष्णतेनं आणि उन्हानं हळूहळू निघून जातं. मग कापड आधी चिकट होतं, नंतर कडक. नगरचा मे महिना चाळीस अंशांच्या वर. पत्र्याच्या गोदामात, तेही वरच्या भागात, त्याहून बरंच जास्त. म्हणून पत्र्याखाली बोट टांगणं ही वरवर हुशारीची वाटणारी युक्ती आपल्याकडे नुकसानीची आहे: उंदीर पोचत नाहीत हे खरं, पण गोदामातली सर्वांत तापलेली जागा आपण तिला देतो. वर सिमेंटचा स्लॅब असेल आणि टांगायला दोरीऐवजी हातभर रुंदीचे पट्टे असतील, तरच टांगावी.

घडी करून ठेवलेल्या बोटीचे शत्रू वेगळे. पहिला उंदीर. साखरपट्ट्यातल्या गोदामात उंदरांची कमतरता नाही आणि घडीच्या आतली उबदार पोकळी त्यांना बिळासारखी मिळते. दुसरा शत्रू ओल: पुरातून आलेली बोट न वाळवता गुंडाळली की आठ-पंधरा दिवसांत बुरशीचा वास येतो आणि सांध्यांचा गोंद सुटायला लागतो. तिसरा म्हणजे गाळ. समुद्रावरच्या बोटीचं दुखणं मीठ असतं. आपल्याकडे ते रेती आणि काळी माती आहे. नळी आणि तळ यांच्या सांध्यात बसलेली बारीक रेती घडीत दाबली जाते आणि प्रत्येक हालचालीला कापड घासत राहते. बोट धुवायची ती वरून पाइप मारून नाही. अर्धी हवा सोडून, सांधा उघडून, बोटानं रेती काढत. मग सावलीत वाळवायची, टाल्कम पावडर लावायची, आणि घडी दरवेळी वेगळ्या रेषेवर घालायची, म्हणजे एकच मुरड चिरत नाही. हे काम दोन माणसांची सबंध सकाळ घेतं. पूर ओसरल्यावर पंचनाम्यांच्या गर्दीत ही सकाळ कुणाला मिळते?

शिवाय घडीतल्या बोटीचे तुकडे असतात. पिशवीत नळ्या, वेगळ्या गठ्ठ्यात तळाच्या फळ्या, खोक्यात इंजिन, इकडे पंप, तिकडे टाकी. पाच गोष्टी पाच ठिकाणी ठेवल्या की सहावी हरवते. बहुधा पंपाचं व्हॉल्व्हमध्ये बसणारं टोक. लाखोंची बोट त्या बोटभर प्लास्टिकवाचून आडवी पडते. सरावलेल्या हातांनाही घडीतली बोट उभी करायला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. भर पावसात, अंधारात, वर्षातून एकदा हे काम करणाऱ्यांना किती लागेल याचा अंदाज वाचकानंच करावा.

हवा भरून ठेवायची तर तिचं गणित समजून घ्यावं लागतं. साध्या बचाव बोटीच्या नळीत दाब असतो पाव बारच्या जवळपास. गाडीच्या टायरच्या तुलनेत अगदीच थोडा. पण बंद नळीतली हवा तापली की तिचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबासकट मोजलेल्या प्रमाणात वाढतो. सकाळी २५ अंशांना पाव बार भरलेली नळी उन्हात ६० अंशांपर्यंत तापली, तर कागदावरचा हिशेब ०.४ बारकडे जातो. कापड थोडं ताणतं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा कमी भरेल, पण सांध्यांवरचा ताण वाढतोच. उलटही तितकंच खरं आणि जास्त धोक्याचं: दुपारी तापलेल्या जमिनीवर मोजून पाव बार भरलेली बोट पुराच्या गार पाण्यात उतरली की ढिली पडते, मधे वाकते, इंजिनाच्या जोरानं दुमडू पाहते. म्हणून सावलीत, निम्म्या हवेवर ठेवायची आणि पाण्याच्या कडेला शेवटची हवा भरायची, एवढा नियम भिंतीवर रंगवला तरी पुरे.

इंजिनाची कथा स्वतंत्र लेख मागते, इथं थोडक्यात. बचाव पथकातले जवान त्याला ओबीएम (आउटबोर्ड मोटर) म्हणतात. २५ अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक ओबीएम पन्नास किलोच्या आसपास भरतं. ते बोटीच्या मागच्या फळीवर लावून खडबडीत रस्त्यानं नेलं तर प्रत्येक खड्ड्याला ते फळीला उचकटतं. फळीचा सांधा रबराला चिकटवलेला असतो, आणि तो सैल झाल्याचं पाण्यात गेल्यावरच कळतं. एक तर इंजिनाखाली टेकू द्यावा, नाही तर ते उतरवून न्यावं. पेट्रोलचं दुखणं मात्र खास आपल्या जिल्ह्याचं आहे. इथले अनेक साखर कारखाने इथेनॉल करतात आणि तेच इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत पंपावरच्या पेट्रोलमध्ये मिसळून परत येतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्याच्या दमट हवेत अर्धवट भरलेल्या टाकीत ओल वाढत गेली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलबरोबरच जायचं असतं. तळाच्या त्या थरात ते नीट मिसळत नाही आणि इंजिन कोरडं चालून जाम होतं. उपाय कंटाळवाणा पण सोपा आहे. टाकी रिकामी ठेवायची, कार्ब्युरेटर चालवून कोरडा करायचा, आणि पावसाळ्यात ताजं साधं पेट्रोल कॅनमध्ये ठेवून ऑइल ऐनवेळी मिसळायचं, ५० ला १ प्रमाण असेल तर लिटरला वीस मिली. साधं पेट्रोल महिन्यानं कार्यालयाच्या मोटारसायकलला घालता येतं. ऑइल मिसळलेलं पडून राहतं. इंजिन दर आठवड्याला चालवायचं तर २०० लिटरचं पिंप पाण्यानं भरून त्यात. कोरडं चालवलं तर थंडाव्याच्या पंपाचं रबरी चक्र काही क्षणांत जळतं.

म्हणजे बोट हवा भरलेली, छपराखाली, चाकांवर, इंजिनाला टेकू देऊन. चाकं कशाची? इथं बहुतेक जण पिकअपचं नाव घेतात. पिकअप डांबरावर उत्तम. पण पुराच्या दिवसांत गोदाकाठच्या काळ्या रानात ती पहिल्या बांधाशीच रुतते. बोटीसाठी खास बनवलेला ट्रेलर आणला तर त्याची चाकं लहान, त्याची जमिनीपासूनची उंची कमी. किनाऱ्यावरच्या उताराच्या धक्क्यासाठी तो घडवलेला असतो. आपल्याकडे धक्का नाही, घाट आहेत. पुणतांब्याला, कोपरगावला, प्रवरासंगम-टोक्याला दगडी पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांवरून ट्रेलर उतरत नाही. पुरात त्या पायऱ्या पाण्याखाली असतात, तिथं धारही जोरात असते. बोट सोडायची खरी जागा असते गावाच्या मागच्या अंगाला, शिवाररस्त्यावर, जिथं पाणी पसरलेलं पण संथ असतं. तिथपर्यंत जाणारं वाहन या जिल्ह्यात एकच आहे आणि ते प्रत्येक गावात आहे.

ट्रॅक्टर. मोठी मागची चाकं, वर उभा सायलेन्सर, आणि गुडघ्याएवढ्या पाण्याला न घाबरणारा चालक. आणि त्याच्यामागे ट्रॉली. प्रवरानगरला आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून ऊस हा या जिल्ह्याचा धंदा आहे. दर हंगामात हजारो ट्रॉल्या रस्त्यावर असतात. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलला संपतो. म्हणजे ज्या महिन्यांत बोटीला चाकं हवीत, नेमक्या त्या महिन्यांत ट्रॉल्या शेडमध्ये किंवा बांधावर रिकाम्या उभ्या असतात. बोटीसाठी नवी गाडी मागणाऱ्या प्रस्तावांत हा योग कुणी का धरत नाही, मला कळलेलं नाही.

उसाची साधी ट्रॉली चालेल, पण तिचा तळ जमिनीपासून कमरेएवढा उंच. शंभरेक किलोची बोट आणि इंजिन तिथून खाली घ्यायला सहा धट्टीकट्टी माणसं लागतात आणि ओल्या फळ्यांवरून एखाद्याचा पाय मोडतो. मुरूम-माती वाहणारी डंपिंग ट्रॉली मात्र थेट त्या श्रीमंत यॉटच्या हायड्रॉलिक ओट्याची जागा घेते. ट्रॉली संथ पाण्याच्या कडेला मागे घ्यायची, मागचा फाळका काढलेला, आणि तळ सावकाश उचलायचा. बोट स्वतःच्या वजनानं घसरत पाण्यात जाते. यात तीन-चार गोष्टी मात्र सांभाळल्या पाहिजेत. ट्रॉलीचा लोखंडी तळ आणि त्याच्या वेल्डिंगच्या कडा रबराला एका फेरीत सोलून काढतील. त्यावर कारखान्याच्या कन्व्हेयरचा जुना रबरी पट्टा अंथरायचा, तो जवळपास कुठेही भंगारात मिळतो. बोटीचं तोंड मागे आणि इंजिन ट्रॅक्टरच्या बाजूला ठेवायचं. उलट ठेवलं तर तळ उचलताना प्रोपेलर आधी जमिनीवर आपटतो. दहा-बारा फुटी ट्रॉलीत चौदा फुटी बोट ठेवली तर दोनेक फूट तोंड बाहेर राहील, ते हलकं असतं, चालतं. बोटीच्या मागच्या कड्यांना दोर बांधून तो एका माणसाच्या हातात हवा, नाहीतर बोट घसरते ती थांबत नाही. आणि बांधताना नायलॉनची दोरी नळीवरून आवळायची नाही. रुंद पट्टे, तेही नळीवरच्या डी-रिंगांतून. रस्त्यावर दोरी एका जागी घासून तासाभरात कापड उघडं पाडते.

ट्रॅक्टर वाहत्या धारेत घालायचा नाही, हे वेगळं सांगायला नको असं वाटतं. तरी सांगावं लागतं, कारण दर पावसाळ्यात पुलावरून पाणी जात असताना ट्रॅक्टर घालणारे वीर आपल्याकडे असतात.

पाण्यात गेल्यावरचे धोके हा खरं तर वेगळा विषय, पण बसवण्याचा त्याच्याशी संबंध आहे. नगरच्या पुराचं पाणी समुद्रासारखं मोकळं नसतं. त्याखाली उसाची खोडकं असतात, काटेरी तारेची कुंपणं, वेड्या बाभळी, द्राक्षाच्या मांडवांचे अँगल, मोटारीच्या केबली. गोदावरीत जलपर्णीचे पट्टे येतात आणि प्रोपेलरला गुंडाळतात. वाळूउपशानं पात्रात जागोजागी डोह तयार झाले आहेत. रबरी बोट या सगळ्यात फाटते. पण तिचे तीन ते पाच कप्पे वेगळे असतात, एक फाटला तरी बाकीचे तरंगतात. हे तेव्हाच खरं, जेव्हा कप्प्यांमधले पडदे आतून शाबूत असतात. घडीत कुजलेल्या बोटीचा आतला पडदा गेलेला बाहेरून दिसत नाही. दर वर्षी एकेक कप्पा रिकामा करून शेजारचा बसतो का ते बघणं ही तपासणी हवा भरून ठेवलेल्या बोटीवर दहा मिनिटांची आहे.

२३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात सुगाव बुद्रुकला प्रवरेत आदल्या दिवशी बुडालेल्या तरुणांचा शोध घ्यायला धुळ्याहून आलेल्या एसडीआरएफची बोट उलटली. तीन जवान गेले. त्यांच्याबरोबर बोटीत उतरलेला एक स्थानिक तरुणही. बोट भोवऱ्यात सापडल्याचं तेव्हाच्या बातम्यांत होतं. त्याच्या दोनच दिवस आधी, २१ मे रोजी, जिल्ह्याच्या दक्षिण सीमेपलीकडे उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. २०१९ च्या पुरात सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट क्षमतेपेक्षा जास्त माणसांनी उलटली. सतरा जणांचा जीव गेला. या तीन घटना एका माळेत ओवणं बरोबर नाही. सुगावला माणसं प्रशिक्षित होती आणि पाणी फसवं. उजनीत वाऱ्यानं घात केला. ब्रह्मनाळला बोट एकच होती आणि काठावर माणसं फार. पण तिसऱ्या घटनेतला धडा ठेवणीच्या प्रश्नाला येऊन मिळतो. एकच बोट वेळेवर पोचली की सगळा गाव तिच्यात चढतो. दुसरी बोट शेजारच्या तालुक्यात घडीत असेल तर ती नसल्यासारखीच. दहा माणसांच्या बोटीत दहाच बसवणं हे दुसरी येतेय हे दिसत असतानाच शक्य होतं.

नदीचा आणखी एक धोका खास आपला: प्रवरेवर, गोदावरीवर, मुळेवर ठिकठिकाणी कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी पायथ्याशी उलटं फिरतं आणि तरंगणाऱ्या वस्तूला परत भिंतीकडे ओढतं. अशा जागी हलकी रबरी बोट फार मोठी जोखीम असते, इंजिन कितीही ताकदीचं असो. म्हणून बोट कुठे सोडायची याचा निर्णय घटनेच्या दिवशी न घेता आधी गावोगाव फिरून केलेला असावा: या बंधाऱ्याच्या वर इतक्या अंतरावर नाही, खाली इतक्या अंतरावर नाही, ट्रॅक्टर जाईल असा रस्ता हा. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, नेवासा, शेवगाव, राहुरी, संगमनेर, अकोले, आणि दक्षिणेला भीमेच्या कडेचे श्रीगोंदा आणि कर्जत, एवढ्या तालुक्यांच्या नकाशावर या जागा आखणं तलाठी आणि पाटबंधारेच्या कालवा निरीक्षकांना सहज जमेल. गावातल्या जुन्या भोयांना त्या जागा तोंडपाठ आहेत. शिरापूरहून सिद्धटेकला होडीनं माणसं उतरवणाऱ्यांना भीमेचा कोणता काठ कधी धरायचा हे कुणी शिकवलं नव्हतं.

मग रबरी बोट हवीच कशाला, फायबरची घ्या, असं एक मत आहे आणि त्यात तथ्य आहे. फायबरची बोट उन्हात, पावसात उघड्यावर पालथी पडून राहते, उंदीर तिला खात नाहीत, तारेनं फाटत नाही. धरणांच्या पाण्यावर, नाथसागराच्या फुगवट्यावर, जिथं पाणी खोल आणि कायमचं आहे, तिथं तीच बरी. पण ती जड असते, गल्लीतून वळत नाही, उथळ पाण्यात दगडावर बसली की तडकते, आणि बुडणाऱ्या माणसाला तिच्या उंच काठावरून वर ओढणं कठीण. रबरी बोटीची नळी पाण्याच्या जवळ असते, मऊ असते, माणूस तिच्यावरून घसरत आत येतो. पुरात अडकलेल्या वस्त्यांसाठी रबरी, धरणांसाठी फायबरची, अशी वाटणी मला पटते. दोन्हीकडे एकाच मापाच्या निविदा काढणं मात्र पटत नाही.

राहिला व्यवहार. नगर हे लष्कराच्या रणगाड्यांचं गाव. अवजड वस्तू वर्षभर हाताशी कशी ठेवायची, तिची रोज तपासणी कशी करायची, हे या शहराच्या एका अंगाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तीच शिस्त तालुक्याला लागते आणि तिचा खर्च फार नाही. नदीकाठच्या तालुक्यात दोन डंपिंग ट्रॉल्यांचा भाडेकरार, मालकाचं आणि चालकाचं नाव करारातच, चालकाला रात्रीच्या बोलावण्याचा वेगळा दर. छप्पर कारखान्याच्या आवारात मिळू शकतं. पावसाळ्यात तिथली शेड रिकामी असते आणि रखवालदार चोवीस तास असतो, जे तहसीलच्या गोदामाबद्दल सांगता येत नाही. किल्ली रखवालदाराकडे. बोट ट्रॉलीवर चढवायची तारीख १ जून न ठेवता १ मे ठेवावी, कारण सुगाव आणि उजनी, दोन्ही घटना मेच्या सुट्टीतल्या आहेत. पोरं पोहायला उतरतात ती तेव्हाच. ऑक्टोबरच्या शेवटी ट्रॉली उसाच्या किंवा मातीच्या कामाला परत जाणार. त्या सहा महिन्यांसाठी बोटीला त्याच मापाचा एक लोखंडी घोडा हवा, नळ्यांच्या गोलाईला बसणाऱ्या, कन्व्हेयरचा पट्टा लावलेल्या दोन आडव्या पाळण्यांचा. ट्रॉलीची बांधणी करणाऱ्या कुठल्याही गावच्या वेल्डिंग दुकानात तो दोन दिवसांत होतो. पुढच्या बोटीची निविदा निघेल तेव्हा इंजिन आणि वल्ह्यांच्या खाली हा घोडा, तो पट्टा आणि पंपाची दोन जादा टोकं एवढ्या तीन ओळी वाढवायच्या आहेत.